विश्लेषण : डीएनएमधला ‘ध चा मा’ वाचायचा कसा आणि कोणासाठी?

संगणकाला माणसाची भाषा शिकवणाऱ्या पद्धती आता डीएनएच्या वाचनासाठी वापरल्या जात आहेत. ‘जीवनाची भाषा उलगडली’ असे मथळे त्यामुळे वारंवार दिसतात. डीएनए खरोखर भाषा आहे का, भाषाशास्त्राने जीवशास्त्राला नेमके काय दिले आणि सिकलसेलचा भार वाहणाऱ्या साक्री-पिंपळनेरसारख्या भागाने या संशोधनाकडून काय मागावे, याचा हा आढावा.

एका अक्षराने काय होते?

मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ या आदेशातील ‘ध’चा ‘मा’ झाला आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात त्यांचा खून पडला, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार तिच्यावर वाद घालोत. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार मात्र भाषेत कायमचा राहिला. कागद तोच, शाई तीच, बाकीचा मजकूरही तोच. एक अक्षर बदलले आणि अर्थ उलटला.

सिकलसेल हा आजार म्हणजे निसर्गाने केलेला ‘ध चा मा’ आहे. रक्तातील हिमोग्लोबिनचा एक भाग तयार करण्याची सूचना आपल्या अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. डीएनएची लिपी चार अक्षरांची : ए, टी, जी आणि सी. या सूचनेत एके ठिकाणी ‘जीएजी’ अशी तीन अक्षरे असतात. त्यातील मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ आला की ‘जीटीजी’ होते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, गोल लालपेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि रुग्ण वेदनेने तळमळतो. हा ‘रेणूचा आजार’ आहे हे लिनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवले. नेमका कोणता घटक बदलला, हे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये शोधून काढले.

आता गंमत पाहा. त्याच ‘जीएजी’मधील शेवटचा ‘जी’ बदलून ‘जीएए’ झाला असता तर काहीही बिघडले नसते, कारण ‘जीएए’चा अर्थही ग्लुटामिक आम्ल असाच आहे. मराठीत ‘नदी’ऐवजी कोणी ‘नदि’ लिहिले तर शिक्षक गुण कापतील, पण अर्थ पोहोचतो. ‘दीन’ऐवजी ‘दिन’ लिहिले तर मात्र गरिबाचा दिवस होतो. कोणती चूक निव्वळ शुद्धलेखनाची आणि कोणती अर्थाची, हे ठरवायला भाषेचे नियम ठाऊक असावे लागतात. डीएनएच्या अभ्यासात भाषाशास्त्र शिरले ते इथून.

डीएनएला ‘भाषा’ म्हणायला सुरुवात कशी झाली?

जीवशास्त्रज्ञांनी ही उपमा फार लवकर उचलली. त्यांची परिभाषाच पाहा. डीएनएवरून आरएनए तयार होण्याला ते ‘ट्रान्सक्रिप्शन’ म्हणतात, म्हणजे नक्कल. आरएनएवरून प्रथिन तयार होण्याला ‘ट्रान्सलेशन’, म्हणजे भाषांतर. १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी या शब्दकोशातला पहिला शब्द उलगडला. पुढे भारतात जन्मलेले हरगोविंद खुराना आणि इतरांनी उरलेले शब्द लावले. खुराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे नोबेल मिळाले. तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द. त्यांपैकी ६१ शब्द २० अमिनो आम्लांसाठी आणि तीन शब्द निव्वळ पूर्णविराम. हा कोश जवळजवळ साऱ्या सजीवांत एकच आहे.

पण कोश मिळाला म्हणजे भाषा आली असे नाही. मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. त्यांतील प्रथिने थेट ठरवणारा मजकूर दीड-दोन टक्केच. उरलेल्या भागात जनुक कधी, कुठे आणि किती चालू करायचे याच्या सूचना आहेत; जुन्या विषाणूंचे अवशेष आहेत; आणि स्वतःच्याच नकला करत पसरलेले तुकडे आहेत. त्यांतील ‘आलू’ नावाचा एकच तुकडा दहा लाखांहून अधिक वेळा आलेला आहे. या पसाऱ्यात शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद वाचायला बसणाऱ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. मोडीत आधी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि शब्द न तोडता लिहीत जायचे, अशी रीत होती. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. त्यासाठी अक्षरओळख पुरत नाही. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो याचा सराव लागतो.

व्याकरणाचा उपयोग कुठे झाला?

नोम चॉम्स्की यांनी १९५० च्या दशकात व्याकरणांची एक उतरंड मांडली. काही भाषांचे नियम इतके साधे असतात की आधीचा शब्द पाहून पुढचा ठरवता येतो. काहींत मात्र दूरच्या शब्दांच्या जोड्या जुळवाव्या लागतात. मराठीतले ‘जर… तर’ किंवा ‘जो… तो’ आठवा. ‘जर’ म्हटल्यावर मध्ये कितीही मजकूर घाला, वाक्य पूर्ण व्हायला ‘तर’ यावाच लागतो. शिवाय त्या दोहोंच्या पोटात आणखी एक ‘जो… तो’ बसवता येतो. आधी उघडलेला कंस शेवटी बंद होतो.

आरएनएचा धागा नेमके हेच करतो. तो स्वतःवरच दुमडतो. एका टोकाचे ‘ए’ दुसऱ्या टोकाच्या ‘यू’शी आणि ‘जी’ हे ‘सी’शी जोडी जमवते. बाहेरची जोडी बाहेर, आतली आत. अमेरिकेतील डेव्हिड सर्ल्स यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, अशा घड्या ओळखायला शेजारची अक्षरे मोजणारी पद्धत अपुरी पडते. चॉम्स्कींच्या उतरंडीतील वरच्या पायरीचे व्याकरण लागते. अशा व्याकरणांवर उभ्या राहिलेल्या संगणकीय आज्ञावली आजही आरएनए ओळखण्यासाठी वापरल्या जातात. हे भाषाशास्त्राचे निर्विवाद देणे आहे. इथे ‘भाषा’ हा शब्द अलंकार म्हणून आलेला नाही. नियम उसना घेतला आणि तो चालला.

दुसरे देणे शैलीच्या अभ्यासाचे. एकाच अमिनो आम्लासाठी अनेक शब्द असले तरी प्रत्येक जीव त्यांतील काही अधिक वापरतो. जणू त्याची लकबच. एखाद्या जिवाणूच्या मजकुरात मध्येच वेगळ्या लकबीचा परिच्छेद आढळला, तर तो दुसऱ्या जिवाणूकडून आलेला असण्याची शक्यता तपासली जाते. मराठीतले ‘तारीख’ आणि ‘टेबल’ जसे बाहेरून आले, तसेच. औषधांना दाद न देण्याचे गुण जिवाणू एकमेकांकडून असेच उसने घेतात. त्यामुळे हा ‘उसन्या शब्दांचा’ शोध थेट रुग्णालयाच्या उपयोगाचा आहे.

मग फसगत कुठे झाली?

१९९४ मध्ये बोस्टन आणि हार्वर्डमधील संशोधकांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात एक निबंध छापला. कोणत्याही भाषेतील शब्द वापराच्या क्रमाने लावले तर एक ठरावीक उतरण दिसते. पहिल्या क्रमांकाचा शब्द दुसऱ्याच्या साधारण दुप्पट वेळा येतो, तिसऱ्याच्या तिप्पट. याला ‘झिफचा नियम’ म्हणतात. डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडून ते ‘शब्द’ मानले, तर प्रथिने न ठरवणारा भाग ठरवणाऱ्या भागापेक्षा भाषेशी अधिक मिळताजुळता दिसतो, असे या संशोधकांचे निरीक्षण होते. ज्याला तोवर ‘कचरा’ म्हटले जात होते, त्यात एखादी गुप्त भाषा दडली आहे की काय, अशी चर्चा जगभर झाली.

दोन वर्षांत त्याच नियतकालिकात आक्षेप छापून आले. अक्षरांचे प्रमाण असमान असेल आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा येत असतील, तर अशी उतरण आपोआप दिसते, हे दाखवले गेले. टंकलेखन यंत्रावर माकडाने वाटेल तशी बटणे दाबली, तरी मधल्या मोकळ्या जागांनी पडणारे ‘शब्द’ झिफच्या नियमाच्या जवळ जातात, हे तर भाषेच्या अभ्यासकांना १९५० च्या दशकापासून ठाऊक होते. थोडक्यात, भाषेत एक गुण आहे आणि डीएनएतही तो आहे, एवढ्यावरून डीएनए भाषा ठरत नाही. कावळा काळा आणि कोळसाही काळा.

या प्रकरणातून घेण्याचा धडा साधा आहे. उपमा प्रश्न सुचवते, पण उत्तर सिद्ध करत नाही. भाषेला बोलणारा असतो, ऐकणारा असतो, ‘मला असे म्हणायचे नव्हते’ म्हणण्याची सोय असते. डीएनएला काही म्हणायचे नसते. पेशीत काही घडते, एवढेच. त्यामुळे डीएनएमध्ये ‘अर्थ’ सापडला, असा दावा कोणी केला, तर पहिला प्रश्न विचारावा : पेशीत, प्राण्यात किंवा रुग्णात काय बदलले ते दाखवा.

आताची ‘भाषा मॉडेल’ काय वेगळे करतात?

२०२१ मध्ये ‘डीएनएबर्ट’ आले. शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नावर ते शिकले. जनुकसंचाचे लहान लहान तुकडे पाडायचे, त्यांतील काही झाकायचे आणि आजूबाजूचे पाहून झाकलेले ओळखायला लावायचे. पुढची मॉडेल याच वाटेने मोठी होत गेली. २०२५ च्या आरंभी अमेरिकेतील आर्क इन्स्टिट्यूटने जाहीर केलेले ‘इव्हो २’ नऊ लाख कोटींहून अधिक अक्षरांवर शिकले आहे. त्यात जिवाणूंपासून माणसापर्यंतचे जनुकसंच आहेत. माणसाला रोग देऊ शकणाऱ्या विषाणूंचा मजकूर मात्र सुरक्षेच्या कारणाने वगळण्यात आला.

अशी मॉडेल काही कामे खरोखर चांगली करतात. एखादे अक्षर बदलल्यावर मजकूर ‘खटकतो’ का, हे ती सांगतात आणि अनेकदा ते रोगाशी जुळते. पण स्वतंत्र चाचण्यांत असेही दिसले आहे की, जनुके चालू-बंद करणाऱ्या मानवी भागांबाबत अशी सर्वसाधारण मॉडेल जुन्या, साध्या पद्धतींपेक्षा ठळकपणे सरस ठरत नाहीत. शिवाय ‘खटकणे’ म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. मॉडेलला जे विरळ दिसले ते त्याला खटकते. पुण्याच्या प्रमाण मराठीवर शिकलेल्या यंत्रापुढे अहिराणीतले ‘माले’ आणि ‘शे’ ठेवले, तर ते दोन्ही चुका ठरवील. ती चूक अहिराणीची नाही, यंत्राला दिलेल्या पुस्तकांची आहे.

एकाच समाजाच्या पोथ्या वाचल्या तर काय होते?

याचे उत्तर मराठी विद्येच्या परंपरेत आधीपासून आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ दूर करून ग्रंथ शुद्ध केला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या व्याकरणाचा अभ्यास केला. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचे निधन झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. वि. स. सुखटणकर यांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. त्यासाठी देशभरातून बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासण्यात आली. नक्कल करताना कोणाची ओळ गळते, कोणाची दुबार होते, कोणी समासातली टीप मूळ मजकुरात घुसवतो. दोन पोथ्यांत तीच चूक आढळली तर त्या बहुधा एकाच पोथीच्या नकला. अशा चुकांवरून पोथ्यांचा वंशवृक्ष काढता येतो.

जीवशास्त्र डीएनएवर हेच करते. करोनाकाळात ते घराघरांत पोहोचले. महाराष्ट्रातील नमुन्यांत २०२१ च्या आरंभी ज्या बदलांची चर्चा झाली, त्या घराण्यातील एका शाखेला पुढे ‘डेल्टा’ हे नाव मिळाले. विषाणूच्या नकलांतील चुका जुळवूनच ही घराणी ओळखली गेली. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. १९९८ मध्ये इंग्रजी कवी चॉसरच्या हस्तलिखितांचा वंशवृक्ष काढायला संशोधकांनी जीवशास्त्राची आज्ञावली वापरली.

पाठचिकित्सेचा एक नियम इथे फार मोलाचा आहे : पोथ्या मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. एकाच पोथीच्या शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत, एकच. म्हणून चिकित्सक आवृत्तीसाठी काश्मीरच्या शारदा लिपीपासून दक्षिणेतील ग्रंथ आणि मल्याळम लिपीपर्यंतच्या पोथ्या जमवल्या गेल्या. जगातील जनुकीय संशोधनात नेमकी हीच शिस्त पाळली गेलेली नाही. २०१८ च्या गणनेनुसार आजारांशी संबंध शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासांतील तीन चतुर्थांशांहून अधिक सहभागी युरोपीय वंशाचे होते.

याचे परिणाम कागदावरचे नाहीत. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, काही आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांना हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार असल्याचे चुकून सांगितले गेले होते. त्यांच्यातील ज्या पाठभेदांना घातक ठरवले होते, ते कृष्णवर्णीयांत सर्रास आढळणारे आणि निरुपद्रवी होते. तुलनेसाठी घेतलेल्या पोथ्या गोऱ्यांच्या होत्या, म्हणून ते विरळ वाटले. याच्या उलट उदाहरण आपल्याकडचे. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातून २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. सुमारे चार टक्के भारतीयांत तो आढळतो, हे भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनातून २००९ मध्ये पुढे आले. युरोपच्या पोथ्या कितीही चाळल्या असत्या, तरी हा पाठभेद सापडला नसता.

साक्रीचा याच्याशी संबंध काय?

साक्री तालुक्याच्या पश्चिमेला पिंपळनेर, दहिवेलपासून पुढे नवापूर आणि गुजरातच्या डोंगरांपर्यंत भिल्ल, कोकणा, मावची अशी आदिवासी वस्ती आहे. सिकलसेल हा या सबंध पट्ट्याचा प्रश्न आहे. त्याचे एक कारण मलेरिया. ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे अक्षर मिळते, तो ‘वाहक’. तो आजारी नसतो. उलट मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. म्हणून जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे हे अक्षर टिकले. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला मात्र आजाराची शक्यता चारात एक असते. एकच अक्षर एका मुलाला वाचवते आणि दुसऱ्याला अंथरुणाला खिळवते. ‘विरळ ते वाईट, सर्रास ते चांगले’ असा हिशेब करणाऱ्या यंत्राला हे कळणे अवघड आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सिकलसेलचे अक्षर सर्वत्र तेच असले तरी आजाराची तीव्रता सारखी नसते. गर्भात असताना आपल्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर ते जवळजवळ बंद होते. ज्यांच्यात ते थोडेफार चालू राहते, त्यांना सिकलसेलचा त्रास कमी होतो. भारतातील सिकलसेल ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळतो तिला ‘अरब-भारतीय’ म्हणतात. तिच्यात गर्भातील हिमोग्लोबिनच्या एका जनुकाच्या १५८ अक्षरे आधी ‘सी’च्या जागी ‘टी’ असतो आणि त्यामुळे हे हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात राहते. हा बदल कोणत्याही प्रथिनाच्या शब्दात नाही. तो शब्दांच्या बाहेर, सूचनांच्या भागात आहे. तरीही महाराष्ट्रात गंभीर रुग्ण आढळतातच. म्हणजे आणखी काही पाठभेद आपली वाट पाहत आहेत.

उपचारांनीही हीच वाट धरली आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिलेली ‘कॅसजेव्ही’ ही जनुकसंपादनाची उपचारपद्धती अकराव्या गुणसूत्रावरील चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाही. ती दुसऱ्या गुणसूत्रावरील एका नियंत्रक भागाला छेद देते आणि गर्भातील हिमोग्लोबिन पुन्हा चालू करते. एके काळी ज्या भागाला कचरा म्हटले गेले, त्या भागातील ‘व्याकरण’ समजल्याने हे शक्य झाले. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर आहे. स्वस्त देशी उपचारासाठी दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत संशोधन सुरू आहे. तोवर हायड्रॉक्सियुरियासारखी जुनी गोळीच अनेकांचा आधार आहे, आणि तीही मुख्यतः गर्भातील हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते.

भारत आपल्या पोथ्या जमवतो आहे का?

जमवतो आहे. सीएसआयआरने २०१९ मध्ये ‘इंडिजेन’ प्रकल्पात हजाराहून अधिक भारतीयांचे जनुकसंच वाचले. त्यानंतर ‘जीनोम इंडिया’ने सुमारे १० हजार जणांचे वाचले आणि ती माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी खुली झाली. शेजारच्या गुजरातने २०२५ मध्ये सुमारे दोन हजार आदिवासींचे जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प जाहीर केला. ही पावले स्वागतार्ह आहेत. आपल्याकडे हजारो जाती-जमाती शतकानुशतके आपापसातच विवाह करत आल्या. त्यामुळे देशाच्या सरासरीत एखाद्या जमातीचा पाठभेद सहज बुडून जातो.

पण रक्त घेण्याआधी एक प्रकरण आठवायला हवे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९९० पासून हवासुपाई या आदिवासी जमातीचे रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी घेतले गेले. पुढे त्याच नमुन्यांवर मानसिक आजार आणि जमातीचे मूळ यांविषयी संशोधन झाले. ते त्यांना कोणी विचारले नव्हते. खटला झाला आणि २०१० मध्ये विद्यापीठाला भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे आदिवासी समाजांबाबत अधिक काळजी घ्यायला सांगतात. परंतु संमतीपत्र प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत असेल आणि अंगठा कोकणा बोलणाऱ्या आजीचा असेल, तर ती संमती नव्हे, औपचारिकता ठरते.

मग मागणी काय असावी?

पहिली मागणी सर्वांत साधी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. शून्य ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. सिकलसेलचे अक्षर ओळखायला कोणतेही ‘भाषा मॉडेल’ लागत नाही. बोटाच्या टोकावरच्या रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी आणि ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री, एवढे पुरते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांच्या झगमगाटात या चाचणीचा अहवाल वेळेवर घरी पोहोचणे, गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात असणे आणि मुलाच्या वेदनेला ‘नाटक’ न म्हणणे या गोष्टी झाकल्या जाऊ नयेत.

दुसरी मागणी समुपदेशनाच्या भाषेची. ‘वाहक’ आणि ‘ग्रस्त’ हे दोन शब्द आपल्याला वेगळे वाटतात. पाड्यावर ते एकच होऊन बसतात आणि तपासणीचे कार्ड मुलीच्या लग्नातला अडथळा ठरते. वाहक निरोगी आहे. प्रश्न फक्त दोन वाहकांच्या जोडीचा आहे. हे वाक्य भिलोरीत, कोकणात, मावचीत, अहिराणीत कसे सांगायचे, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांच्या शेजारी भाषेचे जाणकार बसायला हवेत. जळगावचे विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाचे आहे. तिथल्या आणि धुळे-नंदुरबारच्या महाविद्यालयांतल्या भाषा विभागांनी आणि जीवशास्त्र विभागांनी मिळून हे काम घ्यावे. भाषाशास्त्राचा डीएनएला होणारा हा सर्वांत थेट उपयोग ठरेल.

तिसरी मागणी : खान्देशातील आदिवासींचे जनुकसंच वाचले जावेत, पण समाजाच्या संमतीने, ठरलेल्या कामापुरते आणि निष्कर्ष गावात परत येऊन सांगण्याच्या अटीवर. आणि त्या माहितीवरून कोणाचे ‘मूळ’ ठरवण्याचा खेळ करू नये. ग्रियर्सन यांनी १९०७ मध्ये आपल्या भाषा सर्वेक्षणात खानदेशी भिल्ली भाषांसोबत मांडली. अहिराणीचा ‘शे’ गुजराती ‘छे’जवळचा की ‘माले’ मराठी ‘मला’जवळचा, हा वाद आजही संपलेला नाही. एखाद-दुसऱ्या शब्दावरून भाषेचे कूळ ठरत नाही, तसे एखाद-दुसऱ्या अक्षरावरून माणसाचेही ठरत नाही. शिवाय भाषा बाजारात शिकता येते, जनुके नाहीत. अहिराणी बोलणाऱ्या सगळ्यांचे रक्त एक नाही आणि एका रक्ताचे सगळे एकच भाषा बोलत नाहीत.

चौथी मागणी यंत्रांकडून. सुखटणकरांच्या आवृत्तीत जिथे पाठ शंकास्पद होता, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ मारलेली आहे आणि तळटीपेत इतर पोथ्यांचे पाठभेद दिलेले आहेत. वाचकाला संपादकाची खात्री किती, हे पानावरच कळते. जनुकीय अहवालातही तेच हवे : हा निष्कर्ष कोणत्या समाजांच्या किती जनुकसंचांशी ताडून काढला, त्यात रुग्णाच्या समाजाचे कोणी होते का आणि नसेल तर शंका किती. जे मॉडेल हे सांगू शकत नाही, त्याच्या भरवशावर पिंपळनेरच्या रुग्णाचा उपचार ठरवू नये.

डीएनए भाषा आहे की नाही, यावर विद्वान वाद घालत राहतील. तो घालावाच, कारण त्यातून आरएनएच्या घड्यांपासून ‘कॅसजेव्ही’पर्यंत बरेच काही हाती आले आहे. पण मजकूर चार अक्षरांचा असो वा बावन्न अक्षरांचा, तो वाचण्याचा पहिला नियम मराठीत एकनाथांच्या काळापासून चालत आला आहे : निर्णय देण्याआधी सगळ्यांच्या पोथ्या आणा. जगाच्या या ग्रंथालयात साक्रीच्या पश्चिम पट्ट्याची पोथी अजून फारशी उघडलेली नाही. ती उघडावी, पण पोथीच्या मालकांना विचारून आणि वाचलेले त्यांना समजेल अशा भाषेत सांगून.